परक्या बंदरांतील आप्त

सातारा-सांगलीकडील आम्हां घाटावरच्या लोकांस ओळख कृष्णेच्या पाण्याची, समुद्राची नव्हे. तथापि आपल्याकडील एखादा मुलगा व्यापारी जहाजावर नोकरीस लागला, कीं परमुलखीं त्याची विचारपूस कोण करीत असेल, ही चिंता साऱ्या घरास लागते.

हें काम पुष्कळ बंदरांतून ख्रिस्ती पाद्री करितात. १८३५ च्या सुमारास जॉन ॲशले या पाद्र्यानें ब्रिस्टल खाडींत नांगरलेल्या जहाजांवर जाण्यास आरंभ केला. त्याच प्रेरणेंतून १८५६ मध्यें खलाशांसाठीं एक मिशन स्थापन झालें. कॅथलिकांनीं १९२० मध्यें ग्लासगो येथें असेंच कार्य सुरू केलें, आणि १९६९ मध्यें निरनिराळ्या पंथांच्या अशा संस्थांनीं आपला एक संघ केला. पाद्री जहाजावर जातो, घरीं बोलण्याची सोय करून देतो, आजाऱ्यास भेटतो, थकलेल्या पगाराबद्दल दाद कोठें मागावी तें सांगतो. खलाशाचा धर्म कोणता, ही अट त्यांत नसते.

२०२० च्या साथींत सुमारें ४ लाख खलाशी मुदत संपूनही जहाजांवरच अडकून पडले, तेव्हां या मदतीचें मोल जगास कळलें.

मुंबईंत १८७६ मध्यें पुरें झालेलें खलाशीगृह आज पोलीस मुख्यालय आहे. त्यासाठीं बडोद्याच्या खंडेराव महाराजांनीं २ लाख रुपये दिले होते. हिंदु राजानें परक्या खलाशांसाठीं दिलेलें हें दान आम्हांस मोलाचें वाटतें. आपला मुलगा परक्यांच्या हातीं सुखरूप असावा, असें वाटणाऱ्या घरांनीं मुंबईस उतरणाऱ्या परक्यांच्या मुलांचीही आठवण ठेवावयास नको काय?