प्रोग्राम कोणाचा? यंत्राच्या आज्ञा, त्यांचे मानक आणि प्रमाणपत्र



'प्रोग्राम' हा शब्द आपल्याला नवा नाही. लागणीची नोंद झाली की सभासद गट ऑफिसला येऊन पहिला प्रश्न तोच विचारतो, "साहेब, आमच्या उसाचा तोडणी प्रोग्राम कधी लागतोय?" लागणीची तारीख, जात, पक्वता आणि कारखान्याची त्या दिवसाची गरज पाहून 'आधी हे, मग ते' अशी लावलेली क्रमवारी म्हणजे हा प्रोग्राम. कारखान्यातील यंत्रांचाही असाच एक प्रोग्राम असतो. मिलच्या तोंडाशी उसाचा चुरा वर चढला की कॅरियर हळू करा, खाली गेला की जोरात करा. बॉयलरमधले पाणी धोक्याच्या खुणेखाली गेले की जाळ बंद करा. या आज्ञा पूर्वी माणूस डोळ्यांनी पाहून पाळत असे. आता बऱ्याच कारखान्यांत त्या एका पेटीत लिहून ठेवलेल्या असतात. त्या पेटीला पी.एल.सी. म्हणतात.

शेतकी खात्याने यंत्रावर का लिहावे, असे कोणी म्हणेल. पण मिल थांबली की पहिली बोलणी आम्हालाच बसतात. आम्ही पूर्वी ज्या कारखान्याकडे नोकरीस होतो, तेथे एका हंगामात ऐन रात्रपाळीत कॅरियरचे नियंत्रण बंद पडले. बिघाड लहानसाच होता. पेटी बदलायची होती आणि नवी पेटी दुसऱ्या दिवशी आलीसुद्धा. पण ती कोरी होती. आतल्या प्रोग्रामची प्रत कारखान्याकडे नव्हती. तो लिहिणारा मुलगा पुरवठादाराची नोकरी सोडून गेलेला, आणि जुन्या पेटीला पासवर्ड लावलेला. यार्डात गाड्यांची रांग लागली. तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गाळपास जावा, असे आम्ही गावोगाव सांगत फिरायचो. आता तोच ऊस आमच्या डोळ्यांदेखत वाळत होता. एक म्हातारे सभासद म्हणाले, "वजन घटलं, ते कोण भरून देणार?" आमच्यापाशी उत्तर नव्हते. तेव्हापासून आम्ही या विषयाची माहिती इन्स्ट्रुमेंट विभागातील मंडळींकडून विचारून घेऊ लागलो. ती आपणापुढे ठेवीत आहोत.

ही पेटी आली कोठून?

१९६८ साली अमेरिकेत जनरल मोटर्स या मोटार कंपनीपुढे एक अडचण होती. गाडीचे मॉडेल बदलले की रिले आणि तारांनी भरलेली कपाटे उसकटून पुन्हा बांधावी लागत. तारा न बदलता नुसत्या आज्ञा बदलता येतील असे यंत्र त्यांना हवे होते. डिक मॉर्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते केले. त्याचे नाव मोडिकॉन ०८४. वायरमनला रिलेची आकृती वाचता येते हे ध्यानात घेऊन, आज्ञा लिहिण्याची पद्धतही शिडीसारख्या त्याच आकृतीची ठेवली. यंत्र नवे, पण वाचणारा माणूस जुनाच चालला. हा मोठा शहाणपणा होता.

पुढे अनेक कंपन्या या धंद्यात उतरल्या आणि प्रत्येकीने आपली वेगळी भाषा काढली. एका कंपनीचे यंत्र शिकलेला माणूस दुसऱ्या यंत्रापुढे अडाणी ठरू लागला. ट्रॅक्टरचे पहा. तीन टोकांच्या जोडणीची मापे ठरलेली आहेत, म्हणून एका कंपनीचा नांगर दुसऱ्या कंपनीच्या ट्रॅक्टरला लागतो. तशी काही मापे प्रोग्रामलाही हवी होती. आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोगाने १९९३ साली ती ठरविली. आज हे मानक आय.ई.सी. ६११३१-३ या क्रमांकाने ओळखले जाते.

मानकात काय आहे?

आज्ञा लिहिण्याच्या पद्धती त्यात ठरवून दिल्या आहेत. पहिली शिडी-आकृती, म्हणजे लॅडर. मोटार चालू-बंद करण्यासारख्या कामाला ती सोपी. दुसरी ठोकळ्यांची आकृती. रसाचा सामू पाहून चुन्याचे प्रमाण कमी-जास्त करण्यासारखे सतत चालणारे काम तिच्यात नीट दिसते. तिसरी मजकुराची भाषा. हिशेब, सरासरी, बेरजा तिच्यात लिहितात. चौथा टप्प्यांचा तक्ता. सेंट्रिफ्यूगल मशीन आधी माल घेते, मग वेग घेते, साखर धुते, वेग उतरवते आणि शेवटी साखर खरडून खाली टाकते. एक टप्पा पुरा झाल्याशिवाय पुढचा सुरू होता कामा नये. अशा कामाला हा तक्ता उत्तम. पाचवी आज्ञांची यादी ही जुनी पद्धत होती. २०१३ च्या आवृत्तीत ती कालबाह्य ठरविली आणि २०२५ च्या आवृत्तीतून काढूनच टाकली. तेव्हा नवीन काम कोणी त्या पद्धतीने लिहून देत असेल, तर आपण नको म्हणावे.

मात्र येथे एक मेख आहे. मानकातील सर्वच गोष्टी प्रत्येक कंपनीने पाळल्या पाहिजेत असे नाही. कोणत्या पाळल्या याचा तक्ता तिने द्यायचा असतो. शिवाय प्रत्येक जण आपल्या पदरच्या चार सोयी वर घालतो. म्हणून एका कंपनीचा प्रोग्राम उचलून दुसरीच्या पेटीत जशाच्या तसा घातला, असे सहसा होत नाही. प्रोग्राम एकीकडून दुसरीकडे नेणे सोपे व्हावे म्हणून २०१९ साली ६११३१-१० हे वेगळे मानक निघाले. तरीही थोडीफार डागडुजी लागतेच. मानकाचा खरा फायदा असा की प्रोग्राम दुसऱ्या माणसाला वाचता येतो.

प्रमाणपत्र म्हणजे काय, आणि काय नव्हे?

विक्रेता 'सर्टिफाईड' म्हणतो, तेव्हा कशाचे प्रमाणपत्र हे आधी विचारावे. ती तीन तऱ्हेची असतात.

एक, साधनाचे. पीएलसीओपन ही १९९२ पासूनची संस्था, मुख्यालय नेदरलँड्समध्ये. प्रोग्राम लिहिण्याचे साधन मानकाला धरून आहे की नाही, हे तिच्या ठरलेल्या चाचण्यांवर तपासले जाते. प्रोग्राम कसा लिहावा याचे नियमही तिने २०१६ साली प्रसिद्ध केले.

दुसरे, माणसाचे. अमेरिकेतील आय.एस.ए. ही संस्था तंत्रज्ञ व अभियंते यांच्या परीक्षा घेऊन प्रमाणपत्रे देते.

तिसरे, सुरक्षिततेचे. आय.ई.सी. ६१५०८ या मानकात सुरक्षिततेच्या चार पायऱ्या आहेत. बॉयलरसारख्या जिवाशी गाठ असलेल्या ठिकाणी हे महत्त्वाचे. पण तेथेही नुसत्या पेटीला प्रमाणपत्र असून भागत नाही. पाण्याची पातळी सांगणारे उपकरण, पेटी आणि शेवटची झडप अशी सगळी साखळी त्या पायरीला उतरावी लागते.

आता मुख्य गोष्ट. या तिन्हींपैकी एकही प्रमाणपत्र असे म्हणत नाही, की आपल्या कारखान्यासाठी लिहिलेला प्रोग्राम बरोबर आहे. हे आपल्या बेण्यासारखेच आहे. प्रमाणित बेणे म्हणजे जात शुद्ध आणि बेणे निरोगी. पण सरी चुकली, पाणी तुंबले, खत वेळेवर पडले नाही, तर को ८६०३२ चे उत्तम बेणेसुद्धा काय करणार? बेण्याची खात्री दुसरा देतो, पिकाची आपणच करायची असते. प्रोग्रामचेही तेच.

मग आपण काय मागावे?

नवीन यंत्रणा घेताना किंवा जुनी बदलताना पुढील गोष्टी करारातच लिहून घ्याव्यात, असे आमचे मत आहे.

१. मूळ प्रोग्रामची प्रत, टिपणांसह, कारखान्याच्या मालकीची. दोन प्रती दोन ठिकाणी. पासवर्ड बंद पाकिटात तिजोरीत.

२. मानकातील कोणत्या गोष्टी पाळल्या, त्याचा तक्ता.

३. प्रोग्राममध्ये 'झडप १७' असे नको. 'ज्यूस हीटर वाफ झडप' असे नाव हवे, आणि प्रत्येक आज्ञेपुढे ती कशासाठी हे लिहिलेले.

४. बॉयलर पेटविण्यापूर्वी दरवर्षी सुरक्षिततेची प्रत्येक आज्ञा प्रत्यक्ष चालवून पाहणे, आणि त्यावर आपल्या माणसाची सही.

५. बदलांची वही. सातबाऱ्यावर फेरफार नोंदविल्याखेरीज नाव चढत नाही. तसेच कोणी, कधी, का बदल केला हे नोंदविल्याखेरीज प्रोग्रामला हात लागू नये.

६. कारखान्याच्या निदान दोन माणसांना शिक्षण. एक रजेवर गेला तरी दुसरा असावा.

यात खर्च फारसा नाही. करार करतेवेळी मागितले तर मिळते. बिघाड झाल्यावर मागायला गेले तर पदर पसरावा लागतो.

आपल्या वजनकाट्यावर शासनाचा शिक्का आहे का, हे सभासद डोळे उघडे ठेवून पाहतात. त्यात गैर काही नाही. बॉयलरवर प्रमाणपत्रधारक अटेंडंटच लागतो, हेही सर्वांना ठाऊक आहे. पण त्याच बॉयलरला आज्ञा देणारा प्रोग्राम कोणी लिहिला, कोणी तपासला, हा प्रश्न वार्षिक सभेत सहसा कोणी विचारीत नाही. तो आता विचारावा. आणि ज्यांची मुले-मुली दहावी झाली आहेत, त्यांनी आय.टी.आय.च्या इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाचाही विचार करावा. रात्री मिल थांबली तर बाहेरगावच्या साहेबाची वाट पाहण्यापेक्षा आपल्याच गावची पोर पेटी उघडून वाचू शकली, तर यार्डातला ऊस वाळणार नाही.

पुढील हंगामासाठी आडसाली लागणीची नोंद वेळेत करावी, ही नेहमीची विनंती.

आपला,
ऊस विकास अधिकारी