गाडी आपली, माहिती कोणाची?

मंडळी, अमेरिकेत आल्यावर आपल्यापैकी बहुतेकांनी पहिली गाडी घेतली ती सेकंडहँड. ती वेळेवर स्टार्ट झाली तरी आम्ही खूश! आजच्या नव्या गाड्यांत मात्र डझनावारी कॉम्प्युटर आणि बहुधा स्वतःचा सेल्युलर मोडेमही असतो. आपण कुठे गेलो, किती वेगाने गेलो, ब्रेक किती जोरात दाबला, हे सगळं गाडी परस्पर कंपनीला कळवू शकते.

यात दोन गोष्टींची नेहमी गल्लत होते. पहिली म्हणजे 'ब्लॅक बॉक्स'. एअरबॅग उघडण्याइतका धक्का बसला, की आधीच्या काही सेकंदांतला वेग, ब्रेक, सीटबेल्ट यांची नोंद त्यात राहते. २०१५ च्या फेडरल कायद्यानुसार ही नोंद गाडीच्या मालकाची, गाडी लीजवर असेल तर लीज घेणाऱ्याची. कोर्टाचा हुकूम किंवा आपली परवानगी असे ठराविक अपवाद सोडले, तर इतरांनी ती बघायची नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे मोडेममधून रोज बाहेर जाणारी माहिती. तिला हा कायदा लागू नाही. तिथे चालतो तो शोरूममध्ये घाईघाईत दाबलेला 'आय ॲग्री'! मार्च २०२४ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने उघड केलं, की गाड्यांच्या कंपन्यांकडून ही माहिती लेक्सिसनेक्सिस, व्हेरिस्क यांच्यामार्फत विमा कंपन्यांपर्यंत पोचत होती. काहींचा प्रीमियम त्यामुळे वाढला. जनरल मोटर्सने त्याच महिन्यात हा व्यवहार थांबवला. जानेवारी २०२५ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने या कंपनीवर कारवाई केली. गाडीचा ठावठिकाणा कधीकधी दर ३ सेकंदांनी नोंदला जात होता, असा कमिशनचा आरोप होता.

"आपण कुठे चोऱ्या करायला जातो? कळलं तर कळलं!" असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. पण आम्हा इंजिनीअरांना माहीत आहे, की सेन्सर फक्त आकडा मोजतो, कारण नाही. समोर हरीण आलं म्हणून मारलेला ब्रेक आणि बेफिकिरीने मारलेला ब्रेक त्याला सारखाच. शिवाय घरातली एकच गाडी आई, बाबा आणि नुकतं लायसन्स मिळालेली मुलगी चालवणार. कुठला ब्रेक कोणाचा, हे कसं कळणार? आणि डॉक्टर, इमिग्रेशनचा वकील, देऊळ या आपल्या फेऱ्यांचा हिशेब परक्याकडे कशाला?

मग करायचं काय?

गाडीच्या स्क्रीनवर आणि फोनवरच्या ॲपमध्ये प्रायव्हसी सेटिंग्ज बघा. 'ड्रायव्हिंग स्कोअर'सारख्या सोयी नको असतील तर बंद करा. मात्र सगळंच तोडलं, तर अपघातात आपोआप मदत बोलावण्याची सोयही जाऊ शकते, तेव्हा जपून.

लेक्सिसनेक्सिसकडून वर्षातून एकदा आपली फाइल फुकट मागवता येते. चूक दिसली तर लेखी हरकत घ्या.

गाडी विकताना फॅक्टरी रीसेट करा आणि ॲपमधून गाडी काढून टाका. भाड्याची गाडी परत देताना ब्लूटूथवरून आपला फोन पुसा, नाहीतर भारतातल्या नातेवाइकांच्या नंबरांसकट फोनबुक तिथेच राहायचं!

विम्याच्या सवलतीसाठी ट्रॅकर लावायचा असेल, तर अटी वाचून, गाडी चालवणाऱ्या सगळ्यांना विचारून ठरवा.

येत्या रविवारी दहा मिनिटं मुलांना घेऊन गाडीत बसा. सेटिंग्ज तीच आपल्याआधी शोधून काढतील, आणि 'आय ॲग्री' दाबण्याआधी वाचायचं असतं, हेही त्यांना कळेल.