व्हिसा दहा वर्षांचा, मुक्काम सहा महिन्यांचा



एके काळी आपल्या विंझरहून परगावी जायचे म्हणजे नसरापूरच्या बाजाराला, फार तर पुण्याला. आता आपल्याच भागातली मुलेमुली शिकून सातासमुद्रापार नोकरीला लागली आहेत, आणि त्यांच्या मागोमाग आईवडिलांना बोलावणे येते. मुलीचे बाळंतपण असते, सुनेची नोकरी असते, नातवंडाला सांभाळायला घरात मोठे माणूस लागते. अशा वेळी व्हिसा नावाचे प्रकरण पुढे उभे राहते. आमच्या घरी ते आले तेव्हा जे शिकलो, ते आपणापुढे ठेवतो.

प्रथम एक गोष्ट समजून घ्यावी. कारखान्याचा भाग घेतला म्हणून लगेच ऊस तुटत नाही. तोडीची चिठ्ठी यावी लागते, आणि वजन ठरते ते काट्यावर. पासपोर्ट हा आपला भाग, व्हिसा ही तोडीची चिठ्ठी, आणि किती दिवस राहायचे ते ठरते परक्या देशाच्या विमानतळावरील काट्यावर. परदेशी जाणे हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे असे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली सांगितले आणि त्याच वर्षी पासपोर्टचा कायदा झाला. म्हणून पासपोर्ट आपण आपल्या सरकारकडे हक्काने मागू शकतो. व्हिसा ही मात्र दुसऱ्याच्या घरात येण्याची परवानगी. तिथे हक्क चालत नाही, खरेपणा चालतो.

आमच्या मुलीचे अमेरिकेत बाळंतपण होते आणि तिच्या आईला जायचे होते. कागद काढले तर एकाच बाईची तीन नावे! शाळेच्या दाखल्यावर माहेरचे, सात-बारावर सासरचे आणि रेशनकार्डावर घरात हाक मारतात ते. जन्मतारीख विचारली तर सासूबाई सांगायच्या, "भाताची लावणी चालली होती, एवढं आठवतं." दाखल्यावर मात्र मास्तरांनी १ जून घातलेली. आपल्याकडे निम्मे गाव १ जूनला जन्मलेले असते, त्याला इलाज नाही. पण सगळ्या कागदांवर तारीख आणि नाव एकच हवे. ते जुळवण्यात आमचे चार महिने गेले. तेव्हा तिकिटाचा विचार नंतर करावा, आधी विवाह नोंदणीचा दाखला, आधार आणि पासपोर्ट यांवरील नाव अक्षर न् अक्षर जुळवावे.

पुढे एका एजंटाने सल्ला दिला, "बँकेत शिल्लक कमी दिसते. कुणाकडून पाच लाख आणून आठ दिवस ठेवा." मुलीने फोनवर स्पष्ट सांगितले, "बाबा, तसलं काही करू नका. खर्च आम्ही करणार आहोत, तेच लिहा." आम्ही तेच लिहिले. अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे, आलेला माणूस तिथेच राहायला आला आहे असे अधिकारी आधी धरून चालतो. आपण परत येणार हे पटवून देण्याचे काम आपले असते. मुंबईला वांद्रे-कुर्ला संकुलातील त्यांच्या वकिलातीत मुलाखत मराठीतून देता येते. हिला विचारले, "किती दिवस राहणार?" ही म्हणाली, "पाच महिने. लावणीला घरी पाहिजे मी." दोन-तीन प्रश्नांत काम झाले. आम्ही नेलेली जाडजूड फाईल कुणी उघडलीही नाही.

पासपोर्टवर दहा वर्षांचा व्हिसा चिकटून आला आणि गावात बातमी पसरली, "काकी दहा वर्षांसाठी अमेरिकेला चालल्या!" खरी गफलत इथेच होते. दहा वर्षे म्हणजे त्या मुदतीत दाराशी जाता येते. आत किती दिवस राहायचे ते तिथला अधिकारी ठरवतो, बहुधा सहा महिने. ती तारीख आय-९४ नावाच्या नोंदीत असते. उतरल्यावर ती काढून बघावी आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी.

आमच्या नातीचे वजन जन्मतः कमी होते. मे महिना आला तशी मुलगी रडू लागली, "आई, अजून चार महिने राहा ना." आईचा पायही निघेना. मुदत संपण्यापूर्वी वाढीचा अर्ज करता येतो, पण तो मान्य होईलच असे नाही. अर्ज न करताच मुदतीनंतर १८० दिवसांहून जास्त राहून माणूस परत आला तर तीन वर्षे, आणि वर्षभर राहिला तर दहा वर्षे त्याला पुन्हा प्रवेश नाही. आम्ही रात्रभर विचार केला. शेवटी ही म्हणाली, "आता चार महिने राहून पुढं दार बंद करून घेण्यापेक्षा परत येते. मग पुन्हा जाईन." ती वेळेत आली. दुसऱ्या वर्षी त्याच व्हिसावर गेली, तेव्हा नात चालत दाराशी आली होती.

याच्या उलट गोष्ट माझ्या भाच्याची. दहावी झालेली नाही. आखातात ड्रायव्हरची नोकरी म्हणून एजंटाने दीड लाख घेतले आणि हातात दिला फिरायला जाण्याचा व्हिसा. "तिकडे गेल्यावर बदलून मिळेल," म्हणाला. तीन महिने लपूनछपून काम केले, पगार बुडाला, तक्रार कुठे करणार? पोरगा परत आला, जमिनीवरचे कर्ज राहिले. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआरचा शिक्का असतो. तो असल्यास आखातासह १८ देशांत नोकरीला जाण्यापूर्वी प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स या सरकारी कचेरीची मंजुरी लागते. १९८३ च्या कायद्याने केलेली ही सोय कामगाराच्या रक्षणासाठीच आहे. एजंट नोंदणीकृत आहे का ते सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर बघता येते, आणि त्याला तीस हजार रुपये व कर यांहून जास्त घेता येत नाही. एवढे विचारले असते तर रान गहाण पडले नसते.

देशोदेशीचे नियम निराळे. युरोपातील शेंगेन देशांत कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते. ब्रिटनमध्ये पाहुण्याला साधारण सहा महिने. कॅनडात मात्र आईवडील व आजीआजोबांसाठी सुपर व्हिसा आहे. २०२२ पासून त्यावर एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येते, पण मुलाची पुरेशी मिळकत आणि आरोग्यविमा दाखवावा लागतो. विमा इतर ठिकाणीही काढूनच जावे, तिकडचे दवाखान्याचे बिल आपल्या एका हंगामाच्या ऊसबिलात भागत नाही.

तेव्हा सभासद बंधूंनो, ज्या कामाचा व्हिसा त्याच कामाला जावे, जितक्या दिवसांची मुभा तितकेच राहावे, आणि कागदावर खरे तेच लिहावे. पाहुण्याने वेळेत निरोप घेतला तर पुन्हा बोलावणे येते, ही आपल्या घरची रीत तिकडेही चालते.

— एक ऊस उत्पादक सभासद, विंझर