जुनं घर : दुरुस्ती की पाडकाम?

सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाला. तेव्हापासून मालवण, तारकर्ली, देवबागकडच्या वडिलोपार्जित घरांकडे उत्पन्नाचं साधन म्हणूनही पाहिलं जातं. अशा घराची दुरुस्ती करावी की ते पाडून नवं बांधावं?

आधी कागद पाहा. घर सामायिक असेल, तर मुंबईकर भाऊबंदांच्या लेखी संमतीशिवाय कौलही हलवू नये. मग समुद्राचं अंतर मोजा. २०१९च्या सीआरझेड (किनारपट्टी नियमन क्षेत्र) अधिसूचनेनुसार विरळ वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरच्या पट्ट्यात नव्या बांधकामाला सहसा मनाई आहे. अधिकृत जुन्या घराची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी करता येते, पण जोतं आणि चटईक्षेत्र पूर्वीइतकंच ठेवून. म्हणजे पाडून मोठं लॉज उभारण्याचा बेत तिथेच संपतो. घर अधिकृत असल्याचा पुरावा नसताना ते पाडलं, तर हाती नुसती जागा उरण्याची भीती असते.

त्यानंतर घराची तब्येत. चिऱ्याच्या भिंती सहसा टिकतात, आधी खराब होतं ते छप्पर. आढं, वासे, रिपा वाळवीने पोखरल्यात का, हे सुताराकडून तपासून घ्यावं. लाकूड बदलता येतं. जोतं खचलं असेल, भिंतीला आरपार तडे असतील किंवा ती ओळंब्यात नसेल, तर मात्र पाडलेलंच बरं. निघालेले चांगले चिरे आणि सागवान पुन्हा वापरता येतात. नव्या स्लॅबच्या सळ्यांना खारी हवा गंजवते, तो देखभालखर्चही धरावा.

पावसाळ्यात जलक्रीडा आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद असतात. म्हणून दोन्ही पर्यायांच्या खर्चासमोर उत्पन्न बारा महिन्यांचं मांडू नये.