ग्लोबिन जनुककुल

ग्लोबिन जनुककुल : एका समान पूर्वज-जनुकापासून उद्‌भवलेला व हीमयुक्त (लोह असलेला गट धारण करणाऱ्या) प्रथिनांची घडण निश्चित करणारा जनुकांचा समूह. तांबड्या कोशिकांतील हीमोग्लोबिन व स्नायूंतील मायोग्लोबिन ही या कुलातील सर्वपरिचित प्रथिने होत. सजीवाच्या संपूर्ण आनुवंशिक द्रव्यास जीनोम (जनुकसंच) म्हणतात. जीनोमात नवी जनुके कशी येतात, जुनी कशी निकामी होतात आणि मागे राहिलेल्या खुणांवरून जीवसृष्टीचा इतिहास कसा उलगडता येतो, हे ज्या उदाहरणांवरून प्रथम स्पष्ट झाले त्यांत या कुलाचे स्थान अग्रभागी आहे. हीमोग्लोबिन रक्तातून विपुल प्रमाणात व शुद्ध स्वरूपात मिळत असल्याने त्यातील ॲमिनो अम्लांचा क्रम डीएनएचे वाचन शक्य होण्यापूर्वीच ज्ञात झाला होता. [→ क्रमविकास, हीमोग्लोबिन].

रचना व मांडणी : प्रौढ मानवाच्या हीमोग्लोबिनाचा रेणू दोन आल्फा व दोन बीटा अशा चार शृंखलांचा बनलेला असतो. आल्फा शृंखलेत १४१ व बीटा शृंखलेत १४६ ॲमिनो अम्ले असतात. मायोग्लोबिन हे १५३ ॲमिनो अम्लांच्या एकाच शृंखलेचे असते. जॉन केंड्रू यांनी मायोग्लोबिनाची व माक्स पेरुट्‌स यांनी हीमोग्लोबिनाची त्रिमितीय संरचना क्ष-किरणांच्या साहाय्याने उलगडली (नोबेल पारितोषिक, १९६२). तेव्हा ॲमिनो अम्लांच्या क्रमात बराच फरक असूनही या शृंखलांची घडी विलक्षण सारखी असल्याचे दिसून आले.

मानवी जीनोमात ही जनुके मुख्यतः दोन गटांत आढळतात. आल्फा गट १६ क्रमांकाच्या, तर बीटा गट ११ क्रमांकाच्या गुणसूत्रावर असतो. बीटा गटात एप्सायलॉन, दोन गॅमा, एक निष्क्रिय जनुक, डेल्टा व बीटा अशी क्रमवार मांडणी असते. यांपैकी एप्सायलॉन भ्रूणावस्थेच्या आरंभी, गॅमा गर्भावस्थेत आणि डेल्टा व बीटा जन्मानंतर प्रामुख्याने कार्य करतात. म्हणजे गुणसूत्रावरील त्यांचा क्रम व शरीराच्या वाढीतील त्यांच्या कार्याचा क्रम एकच असतो. मायोग्लोबिनाचे जनुक २२ क्रमांकाच्या गुणसूत्रावर, या दोन्ही गटांपासून अलग असते.

द्विरावृत्ती : एकाच जीनोमात इतकी सारखी जनुके कशी आली, याचे उत्तर व्हर्नन इनग्रॅम यांनी १९६१ मध्ये सुचविले. मूळच्या एकाच जनुकाच्या वेळोवेळी प्रती निघाल्या व त्या प्रती पुढे स्वतंत्रपणे बदलत गेल्या, असे त्यांचे प्रतिपादन होते. सुसुमू ओहनो यांनी १९७० मध्ये या कल्पनेचा विस्तार करून द्विरावृत्ती हे क्रमविकासाचे एक प्रमुख साधन ठरविले. जनुक एकच असेल, तर त्यात होणारे बहुतेक मोठे बदल सजीवास घातक ठरतात व नैसर्गिक निवडीने वगळले जातात. दोन प्रती असतील, तर एक प्रत जुने कार्य चालू ठेवते व दुसरी बदलण्यास मोकळी राहते. अशी मोकळी प्रत बहुधा निकामी होते. क्वचित मात्र तिला नवे कार्य लाभते.

द्विरावृत्ती दोन प्रकारे होते. जननकोशिका तयार होताना समजात गुणसूत्रांमध्ये खंडांची देवाणघेवाण होते. ती नेमकी समोरासमोर न होता थोडी सरकून झाली, तर एका गुणसूत्रावर जनुकाच्या लगतच दुसरी प्रत येते व दुसऱ्या गुणसूत्रावरील जनुक नाहीसे होते. दुसऱ्या प्रकारात संपूर्ण जीनोमच दुप्पट होतो. पृष्ठवंशी प्राण्यांच्या आरंभकाळात असे घडल्याचा पुरावा त्यांच्या गुणसूत्रांच्या मांडणीत आहे. मायोग्लोबिन व हीमोग्लोबिन यांच्या वाटा वेगळ्या होण्याचा संबंध या घटनेशी जोडला जातो. आल्फा व बीटा ही जनुके मात्र पहिल्या प्रकाराने, शेजारी शेजारी निर्माण झाली. पक्षी व सस्तन प्राणी यांत ती आज निरनिराळ्या गुणसूत्रांवर असली, तरी झेनोपस बेडकात ती एकाच गुणसूत्रावर जवळजवळ असल्याचे १९८० मध्ये आढळले. पूर्वीची मांडणी बेडकाने राखली, तर पक्षी व सस्तन प्राणी यांच्या वंशात ती मोडली, असा याचा अर्थ होतो.

रेणवीय घड्याळ : एमिल त्सुकरकांड्‌ल व लायनस पॉलिंग यांनी १९६२ मध्ये निरनिराळ्या प्राण्यांच्या ग्लोबिन शृंखलांची तुलना करून असे सुचविले की, दोन जातींतील फरकांची संख्या त्या जाती अलग झाल्यापासून गेलेल्या काळाशी स्थूलमानाने प्रमाणात असते. मानव व चिंपँझी यांच्या आल्फा शृंखलांत एकही फरक नाही. मानव व गोरिला यांत एक, मानव व घोडा यांत १८, तर मानव व कार्प मासा यांत सुमारे ६८ स्थानी फरक आढळतो. कार्पपासून मानव जितका दूर, जवळजवळ तितकेच कुत्रा व कांगारूही दूर असतात. कारण माशांपासून या सर्वांचा सामाईक वंश एकदाच अलग झाला. मोटू किमुरा यांनी १९६८ मध्ये या नियमिततेची उपपत्ती मांडली. रेणूंतील पुष्कळसे बदल उपकारक वा अपकारक नसून तटस्थ असतात व ते यदृच्छेने साचत जातात, असे त्यांचे मत होते.

आल्फा व बीटा यांची वाटणी केव्हा झाली, हेही याच रीतीने ठरविता येते. मानवी बीटा शृंखला मानवी आल्फा शृंखलेपासून जितकी भिन्न आहे, जवळजवळ तितकीच ती कार्प माशाच्या आल्फा शृंखलेपासूनही भिन्न आहे. म्हणून ही वाटणी मासे व चतुष्पाद यांचे वंश वेगळे होण्यापूर्वीची, सुमारे ४५ ते ५० कोटी वर्षांपूर्वीची असली पाहिजे. अशा रीतीने एकाच माणसाच्या रक्तबिंदूत त्या काळातील एका घटनेचा पुरावा उपलब्ध असतो.

या घड्याळाला मर्यादा आहेत. एकाच स्थानी पुनःपुन्हा झालेले बदल मोजणीतून निसटतात, त्यामुळे आकड्यांची दुरुस्ती करावी लागते. तसेच निरनिराळ्या वंशांत बदलाचा वेग सारखा नसतो. शिवाय लगतच्या दोन प्रतींपैकी एकीचा क्रम दुसरीवर उतरविला जाण्याची क्रिया जीनोमात घडत असते. मानवातील दोन आल्फा जनुके अगदी एकच प्रथिन बनवितात, ती याच क्रियेमुळे. अशा प्रती प्रत्यक्षात जुन्या असूनही नव्या भासतात. म्हणून जीवाश्मांचा पुरावा व इतर अनेक जनुकांची साक्ष यांवाचून कालनिश्चिती विश्वसनीय ठरत नाही.

निष्क्रिय जनुके : मानवी बीटा गटातील दुसऱ्या गॅमा जनुकानंतर येणारे जनुक प्रथिन बनवू शकत नाही. शेळीत त्याच्याशी जुळणारे जनुक भ्रूणावस्थेत कार्य करते, सर्व नरवानर गणात (मानव, कपी, माकडे, लीमर इ. प्राण्यांत) मात्र ते बिघडलेल्या अवस्थेत त्याच जागी आढळते. समान उपयोगासाठी दोन प्राण्यांत समान रचना स्वतंत्रपणे निर्माण होऊ शकते. परंतु तोच बिघाड त्याच ठिकाणी अनेक प्राण्यांत स्वतंत्रपणे होणे फारसे संभवत नाही. म्हणून सामाईक वंशाचा पुरावा या दृष्टीने निकामी जनुकाचे मोल कित्येकदा कार्यक्षम जनुकाहून अधिक असते.

दक्षिण महासागरातील हिममत्स्य हे याचे टोकाचे उदाहरण होय. या कुलातील माशांचे रक्त जवळजवळ रंगहीन असून त्यात हीमोग्लोबिन नसते, हे नॉर्वेचे शास्त्रज्ञ योहान रूड यांनी १९५४ मध्ये प्रसिद्ध केले. अतिशीत पाण्यात ऑक्सिजन अधिक विरघळतो. मोठे हृदय व रक्ताचे अधिक आकारमान यांच्या जोरावर हे मासे निभाव लावतात. १९९५ मध्ये केलेल्या तपासणीत त्यांच्या जीनोमातून बीटा जनुक नाहीसे झाल्याचे व आल्फा जनुकाचा केवळ एक तुकडा उरल्याचे आढळले. हा उरलेला तुकडा त्यांच्या पूर्वजांचे रक्त तांबडे होते, याची साक्ष देतो.

कुलाचे प्राचीनत्व : भुईमूग, तूर इ. शिंबावंत वनस्पतींच्या मुळांवरील गाठी कापल्यास आतून तांबूस दिसतात. हा रंग लेगहीमोग्लोबिन या ग्लोबिनाचा असतो. त्याच्या जनुकात तीन इंट्रॉन (प्रथिनाच्या घडणीत न उतरणारे मधले खंड) असून त्यांपैकी दोहोंची स्थाने प्राण्यांतील ग्लोबिन जनुकांतील इंट्रॉनांच्या स्थानांशी जुळतात. गाठी नसलेल्या वनस्पतींतही ग्लोबिने सापडल्याने ते प्राण्यांकडून उसने आलेले नसून सामाईक पूर्वजाकडून लाभलेले आहे, हे मत दृढ झाले. सूक्ष्मजंतूंमध्येही ग्लोबिने असतात व त्यांतील काहींचे कार्य नायट्रिक ऑक्साइड या विषारी वायूचा निरास करणे हे आहे. यावरून रक्तातून ऑक्सिजन वाहणे हे या कुलाचे मूळ कार्य नसून उशिरा लाभलेले कार्य आहे, असे मानतात. जबडा नसलेल्या लँप्री माशात तर हे कार्य कुलाच्या दुसऱ्याच शाखेने स्वतंत्रपणे पत्करले आहे.

नष्ट झालेल्या प्राण्यांपर्यंतही हा मागोवा नेता येतो. सायबेरियातील गोठलेल्या अवशेषांतून केसाळ मॅमथाच्या ग्लोबिन जनुकांचा क्रम मिळवून २०१० मध्ये ते हीमोग्लोबिन सूक्ष्मजंतूंकरवी तयार करण्यात आले. त्यातील तीन बदलांमुळे ते थंडीतही ऊतकांना (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांच्या समूहांना) ऑक्सिजन सहज देऊ शकत होते, असे प्रयोगाने दिसून आले.

मानवी इतिहास व रोग : ज्या क्रियांनी हे कुल वाढले त्याच क्रियांनी रोगही उद्‌भवतात. असमान देवाणघेवाणीत आल्फा जनुके गळाली, तर आल्फा थॅलॅसिमिया हा रक्तविकार संभवतो. दात्र-कोशिका रोग (सिकलसेल ॲनिमिया) हा बीटा जनुकातील एकाच क्षारकाच्या बदलाने होतो. त्यामुळे सहाव्या स्थानी ग्लुटामिक अम्लाऐवजी व्हॅलीन येते, हे इनग्रॅम यांनी १९५०–६० या दशकात दाखविले. बदललेले जनुक दोन्ही पालकांकडून आल्यास तांबड्या कोशिका विळ्याच्या आकाराच्या होऊन तीव्र वेदना व रक्तक्षय होतो; एकाच पालकाकडून आल्यास मलेरियाच्या घातक स्वरूपापासून संरक्षण मिळते, असे अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये निदर्शनास आणले. म्हणूनच मलेरियाग्रस्त प्रदेशांत हे घातक जनुक टिकून राहिले.

भारतात या जनुकाचे अस्तित्व १९५२ मध्ये प्रथम नोंदले गेले. महाराष्ट्रात विदर्भ व नंदुरबार या भागांतील गोंड, माडिया, भिल्ल, पावरा इ. जमातींत व अन्य काही समाजांत ते विशेष आढळते. जनुकाच्या आसपासच्या डीएनए-खुणांवरून त्याचे अरब-भारतीय व आफ्रिकेतील निरनिराळे प्रकार ओळखले जातात. हे प्रकार स्वतंत्रपणे उद्‌भवले, असे पूर्वी मानीत. २०१८ मधील एका अभ्यासाने मात्र सुमारे ७,३०० वर्षांपूर्वीच्या एकाच उद्‌गमाचा निष्कर्ष काढला. अरब-भारतीय प्रकारात जन्मानंतरही गर्भीय हीमोग्लोबिन बऱ्यापैकी राहते व त्यामुळे रोग सरासरीने सौम्य असतो. तथापि विदर्भात तीव्र स्वरूपाचे रुग्णही आढळतात. भारत सरकारने २०२३ मध्ये या रोगाच्या निर्मूलनासाठी राष्ट्रीय अभियान सुरू केले.

गर्भीय हीमोग्लोबिनाचा उगमही द्विरावृत्तीतच आहे. गॅलॅगोसारख्या नरवानरांत गॅमा जनुक एकच असून ते भ्रूणावस्थेतच कार्य करते. माकडे, कपी व मानव यांच्या सामाईक पूर्वजात त्याची दुसरी प्रत निघाली व त्याचे कार्य गर्भावस्थेपर्यंत लांबले. हे हीमोग्लोबिन मातेच्या रक्तातील ऑक्सिजन अधिक सहजतेने ओढून घेते. शेळी, मेंढी इत्यादींच्या गर्भातील हीमोग्लोबिन मात्र बीटा जनुकाच्या वेगळ्या प्रतीपासून स्वतंत्रपणे आले आहे. मानवात जन्मानंतर गॅमा जनुके मिटविण्यात बीसीएल११ए या नियंत्रक प्रथिनाचा मोठा वाटा असतो, हे २००८ च्या सुमारास कळले. रुग्णाच्याच अस्थिमज्जेतील मूल कोशिकांमध्ये या नियंत्रकाची घडण क्रिस्पर तंत्राने कमी केली की, मिटलेली गॅमा जनुके पुन्हा कार्य करू लागतात व सदोष बीटा जनुकाची उणीव भरून निघते. या उपचारास ब्रिटन व अमेरिकेची संयुक्त संस्थाने यांनी २०२३ अखेर मान्यता दिली. तो अत्यंत महाग असून त्यापूर्वी तीव्र औषधांनी अस्थिमज्जा रिकामी करावी लागते. त्यामुळे ज्या प्रदेशांत रोगी सर्वाधिक आहेत तेथे तो अद्याप आवाक्याबाहेर आहे. तथापि सदोष जनुक जसेच्या तसे ठेवून, क्रमविकासाच्या ओघात शिल्लक राहिलेल्या जुन्या प्रतीकडून त्याचे काम करवून घेणे शक्य आहे, हे यावरून सिद्ध झाले. जीनोमाच्या इतिहासाचे ज्ञान वैद्यकास प्रत्यक्ष उपयोगी पडल्याचे हे ठळक उदाहरण होय.