घर विकताना दलालीचा हिशेब

घर विकण्याचा प्रसंग सामान्य माणसाच्या आयुष्यात एकदा, फार तर दोनदा येतो. दलालाच्या आयुष्यात तो दर महिन्याला येतो. या व्यवहारातील पहिली विषमता हीच. मंडईत मेथीच्या जुडीसाठी दोन रुपयांची घासाघीस करणारा गृहस्थ लाख-दीड लाखाच्या दलालीला मात्र मान डोलावून मोकळा होतो. कारण ‘इकडचा रेटच तो आहे’ असे त्याला सांगण्यात आलेले असते. हा दर कोणी ठरविला, तो कशाबद्दल द्यावयाचा आणि केव्हा द्यावयाचा, या तीन प्रश्नांचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

पहिला प्रश्न दराचा. पुण्या-मुंबईकडे जुन्या घराच्या विक्रीत एक ते दोन टक्के दलाली घेण्याची वहिवाट आहे, आणि पुष्कळदा ती विकणारा व घेणारा या दोघांकडूनही घेतली जाते. परंतु वहिवाट म्हणजे कायदा नव्हे. २०१६ साली स्थावर संपदा कायदा झाला आणि २०१७ पासून महाराष्ट्रात महारेराचा कारभार सुरू झाला, तेव्हापासून ‘रेराचा रेट’ असा एक शब्द कानांवर येतो. तसा रेट अस्तित्वात नाही. त्या कायद्याने दलालांची नोंदणी सक्तीची केली. दलालीचा दर ठरविला नाही. शिवाय ही सक्ती बिल्डर आपल्या नोंदणीकृत प्रकल्पातील घरे विकतो त्या व्यवहारांपुरती आहे. तुमच्या-आमच्या तीस वर्षांच्या जुन्या फ्लॅटची विक्री तीत येत नाही. नोंदणी असलेला दलाल मिळाला तर उत्तमच. पण दर म्हणाल तर उभयतांत ठरेल तोच खरा.

आता आकडे मांडू. घराची किंमत ८० लाख रुपये धरा. दोन टक्क्यांनी दलाली १,६०,००० रुपये होते. त्यावर वस्तू व सेवा कर १८ टक्के, म्हणजे २८,८०० रुपये. एकूण १,८८,८००. हीच दलाली एक टक्का ठरली तर करासह ९४,४०० रुपये. एका टक्क्याचा फरक म्हणजे सामान्य कुटुंबाचा कित्येक महिन्यांचा खर्च. तेव्हा बोलणी करण्यात संकोच कसला?

मात्र येथेच एक सावधगिरी सांगितली पाहिजे. जो सर्वांत कमी टक्का मागेल तो सर्वांत स्वस्त, असे समजणे ही दुसऱ्या टोकाची चूक होय. दलालाच्या बाजूने हिशेब करून पाहा. ८० लाखांचे घर आणखी महिनाभर थांबून ८३ लाखांना गेले, तर मालकाच्या पदरात जवळजवळ तीन लाख अधिक पडतात. दोन टक्के घेणाऱ्या दलालाच्या पदरात मात्र फक्त ६,००० रुपये. तेवढ्यासाठी तो महिनाभर पायपीट कशाला करील? ‘काका, आलेले गिऱ्हाईक सोडू नका’ हाच सल्ला तो देणार. यात लबाडी असतेच असे नाही. त्याचा स्वार्थ लवकर विकण्यात आहे आणि तुमचा चांगल्या किमतीला विकण्यात आहे, इतकेच. लेव्हिट आणि सिव्हरसन या दोन अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी शिकागो परिसरातील सुमारे एक लाख घरविक्रींचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध केला. दलाल जेव्हा स्वतःचे घर विकतात, तेव्हा ते सरासरी साडेनऊ दिवस अधिक थांबतात आणि सुमारे ३.७ टक्के अधिक किंमत मिळवतात, असे त्यांना आढळले. शिकागो आपल्यापासून दूर आहे. मनुष्यस्वभाव दूर नाही. ८० लाखांवर ३.७ टक्के म्हणजे २,९६,००० रुपये. दलालीत अर्धा टक्का वाचविला तर मिळतात ४०,०००. कशाकडे अधिक लक्ष द्यावे, हे यावरून उघड व्हावे.

यावर उपाय असा, की सरसकट टक्का न ठरविता पायरी ठरवावी. उदाहरणार्थ, ८० लाखांपर्यंत एक टक्का आणि त्यावर जी रक्कम मिळेल तिच्यावर दहा टक्के. ८३ लाख आले तर दलालाला ८०,००० अधिक ३०,००० असे १,१०,००० रुपये मिळतील. सरसकट दोन टक्क्यांच्या १,६६,००० पेक्षा ते कमीच. पण शेवटच्या तीन लाखांसाठी त्याला ६,००० ऐवजी ३०,००० मिळतात, म्हणून तोही नेट धरतो. याउलट, ‘तुमच्या हातात इतके देतो, वरचे माझे’ हा सौदा कधीही करू नये; कारण वरचे किती, हे तुम्हांला कळतच नाही.

अर्थात पायरी कोठे बांधावी हे कळण्यासाठी घराची खरी किंमत आधी ठाऊक हवी, आणि ती केवळ दलालाच्या तोंडून ऐकू नये. आपल्या आळीत, आपल्या सोसायटीत गेल्या वर्षभरात कोणते घर किती रुपयांना गेले, हे नोंदणी खात्याच्या ‘सूची क्रमांक दोन’मध्ये नोंदलेले असते, आणि ती सूची आता घरबसल्या संगणकावर पाहता येते. तो कागद हाताशी ठेवून तीन दलालांना, वेगवेगळ्या वेळी, तेच प्रश्न विचारावेत. किती टक्के? कर धरून की वेगळा? घेणाऱ्याकडूनही घेणार काय? आणि घेणार असाल, तर किमतीची बोलणी करताना तुम्ही कोणाच्या बाजूने? जाहिरातीचा खर्च कोणाचा? सोसायटीचा ना हरकत दाखला, गिऱ्हाइकाच्या बँकेचे कागद, निबंधक कचेरीतील खेपा यांपैकी काय तुम्ही करणार? उत्तरे वहीत लिहून शेजारी शेजारी ठेवली, की स्वस्त कोण आणि महाग कोण हे आपोआप दिसू लागते. नुसती किल्ली घेऊन घर दाखविणारा एक टक्क्यालाही महाग पडेल. खरेदीखत होईपर्यंत पाठीशी उभा राहणारा दीड टक्क्यालाही परवडेल.

राहिला प्रश्न केव्हा देण्याचा. आमच्या परिचयाच्या एका निवृत्त शिक्षकांनी मुलीच्या गावी राहावयास जाण्यासाठी आपला फ्लॅट विक्रीस काढला. गिऱ्हाईक आले, टोकन मिळाले, आणि त्याच संध्याकाळी दलालाने संपूर्ण दलाली मागून नेली. ‘पद्धतच आहे सर’ एवढे त्याचे शब्द सरांना पुरले. पुढे गिऱ्हाइकाचे कर्ज नामंजूर झाले. टोकन परत करावे लागले. दलाली परत आली नाही. लेखी काहीच नव्हते. त्या वर्षी मुलीकडे जाण्याचा बेत राहिला तो राहिलाच.

सरांना ठाऊक नव्हते, पण कायदा त्यांच्या बाजूचा होता. १८७२ चा करार कायदा आजही लागू आहे. त्याच्या कलम २१९ चा आशय असा, की वेगळा करार नसेल तर काम पुरे होईपर्यंत अडत्याचा मोबदला देणे होत नाही. कलम २२० प्रमाणे कामात गैरवर्तन करणाऱ्यास त्या कामापुरता मोबदला मिळण्याचा हक्क राहत नाही. म्हणून टोकनावर काही देऊ नये. अर्धी दलाली साठेखताची नोंदणी झाल्यावर आणि उरलेली पूर्ण रक्कम हाती येऊन ताबा दिल्यावर, असे ठरवावे; व्यवहार मोडल्यास काय, तेही ठरवावे; आणि हे सारे एका पानावर लिहून उभयतांनी सह्या कराव्यात. कोणत्या दलालाने कोणते गिऱ्हाईक कोणत्या तारखेस आणले, याची टिपणीही ठेवावी. एकाच गिऱ्हाइकावर दोघे हक्क सांगू लागले, तर ती टिपणीच वाद मिटवील.

पैसे चेकने द्यावेत आणि पावती घ्यावी. दलालाने कर लावला असेल तर पावतीवर त्याचा नोंदणी क्रमांक पाहावा; वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असलेल्या दलालाला सहसा ही नोंदणी लागत नाही, आणि नोंदणी नसलेल्याला कर वसूल करण्याचा अधिकार नाही. घरावरील भांडवली नफा मोजताना विक्रीसाठी दिलेली दलाली वजा करता येते. परंतु पुराव्याशिवाय ती वजावट मागणार कशी?

शेवटी दलालाच्या बाजूनेही दोन शब्द. आठ दिवसांत गिऱ्हाईक आले म्हणून ‘तुम्ही केलेत तरी काय?’ असे म्हणणे बरे नव्हे. त्या आठ दिवसांमागे दहा वर्षांच्या ओळखी असतात आणि फुकट गेलेल्या शंभर खेपाही असतात. त्याने आणलेल्या गिऱ्हाइकाशी परस्पर सौदा करून त्याची दलाली बुडविणे ही तर उघड बेइमानीच होय. घासाघीस काम सुरू होण्यापूर्वी करावी. काम झाल्यावर ठरलेला पैसा हसतमुखाने द्यावा. पहिल्या दिवशी अर्धा तास स्पष्ट बोलण्याचा जो संकोच आपण करतो, त्याची किंमत शेवटच्या दिवशी मोजावी लागते. आणि घर विकून आलेला पैसा बहुतेकांच्या बाबतीत उतारवयाचा एकुलता एक आधार असतो, हे विसरून चालत नाही.