चक्की धरून ठेवणारं भूत

जुन्या पाणचक्क्यांमध्ये भुतं दिसतात ती इन्फ्रासाउंडमुळे, म्हणजे कानाला ऐकू न येणाऱ्या खोल आवाजामुळे, हे खरं का, असं एका वाचकांनी विचारलं आहे. हल्ली भूत म्हटलं की इन्फ्रासाउंड, असा शिरस्ताच पडलाय. त्याचं मूळ विक टँडी या इंग्लिश अभियंत्याच्या १९९८ च्या लेखात आहे. कॉव्हेंट्रीतल्या प्रयोगशाळेत त्यांना नजरेच्या कडेला करडी आकृती दिसली. दुसऱ्या दिवशी व्हाइसमध्ये पकडलेलं तलवारीचं पातं आपसूक थरथरायला लागलं. दोषी निघाला नवा पंखा. त्याची सुमारे १९ हर्ट्झची कंपनं कानाला ऐकू येत नव्हती. किस्सा झकास, पण एकट्या माणसाचा! पुढे लंडनच्या संशोधकांनी खास खोली बांधून इन्फ्रासाउंड सोडून पाहिला. त्यांचे निष्कर्ष २००९ मध्ये आले: लोकांना भास झाले, पण इन्फ्रासाउंड असण्या-नसण्याशी त्यांचा संबंध दिसला नाही.

शिवाय चक्कीतली सगळीच भुतं नुसती दिसत नाहीत, काही चक्क चक्की बंद पाडतात. नॉर्वेतला ‘क्वेर्नक्नुर’ त्यातलाच; आपल्या कोकणातल्या गिऱ्ह्याचा चुलतभाऊ म्हणा. तिथल्या ओढ्यांवरच्या चक्क्या हिमालयातल्या घराटांसारख्या: चाक आडवं, आस उभा, वरची पाळी थेट त्याच आसावर. पाणी आहे तोवर दळून घ्यायचं, म्हणून शेतकरी रात्रीही चक्कीतच थांबे. मध्येच पाळी थांबायची, आणि पाणी तर धो धो वाहतंय! लोककथा गोळा करणाऱ्या आस्बियर्नसनने एकोणिसाव्या शतकात अशा कथा टिपून ठेवल्या. एकीत दारात भूत जबडा वासून उभं राहतं, उंबऱ्यापासून वरच्या चौकटीपर्यंत. माणूस त्यात उकळतं डांबर ओततो, आणि चाक सुटतं.

उकळतं डांबरच का? माझा तर्क असा. निरभ्र, गोठवणाऱ्या रात्री खळाळतं पाणी शून्याखाली अंशाच्या काही शतांश भागांइतकं उतरतं, तरी त्याचा थर गोठत नाही. त्यात बर्फाच्या बारीक चकत्या तयार होतात. याला फ्रेझिल म्हणतात. त्या दगड, लाकूड, लोखंड, जे भेटेल त्याला चिकटतात आणि एकमेकींनाही. संथ पाण्यावर बर्फाचं झाकण बसतं, ते खालचं पाणी थंडीपासून राखतं. चक्कीच्या पन्हळीतलं पाणी मात्र धावतं, म्हणून उघडंच राहतं. पाती भरतात, चाक अडतं. ते सोडवायचं तर उष्णताच हवी, म्हणून कथेत उकळतं डांबर. सकाळी ऊन लागलं की तळाला धरलेला बर्फही सुटून वर येतो. भूत रात्री धरतं आणि उजाडल्यावर सोडतं, ते असं.

सगळ्याच कथांना हा खुलासा लागू होणार नाही. काहींत नुसती दळायला बसलेल्याची झोप आणि भीती असेल. फ्रेझिल मात्र अजून जागेवर आहे. थंड देशांतल्या जलविद्युत केंद्रांच्या जाळ्या आजही त्याने तुंबतात, आणि काही ठिकाणी जाळीचे गज विजेने तापवावे लागतात.